अर्धा इंच म्हणजे एक फूट : कौलारू घराचं मिनिएचर, टप्प्याटप्प्यानं

मिनिएचर करायला घेतलेली बरीच माणसं एकाच ठिकाणी अडकतात. भिंती कापतात, चिकटवतात, वर छप्पर बसवतात आणि मग ब्रश हातात घेतात. तोवर पडवीच्या आत हात जाईनासा झालेला असतो, गजामागे ब्रश पोचत नाही आणि कौलांचा तांबडा रंग पांढऱ्या भिंतीवर ओघळतो. दोन-चार संध्याकाळी झटापट होते आणि घर माळ्यावर जातं. मन निवांत व्हावं म्हणून घेतलेल्या छंदानं डोकं उठतं. अशा वेळी दोष हातात नसतो, क्रमात असतो.

म्हणून इथं एकच वस्तू घेऊन क्रम लावला आहे. सातारा-वाई-पाटण पट्ट्यात अजून दिसतं तसं साधं कौलारू घर, पुढं पडवी, अंगणात तुळशीवृंदावन. पहिल्याच कामाला मेणवलीचा वाडा किंवा वाईचा घाट घेऊ नका. लिंबची बारा मोटेची विहीर तर दुसऱ्या कामालाही नको. अष्टकोन आणि कमानी सरळ भिंतीवर हात बसल्याशिवाय जमत नाहीत.

१. आधी माप ठरवा

प्रमाण १:२४ धरा. बाहुलीघरांचं नेहमीचं प्रमाण १:१२ असतं. त्यात सोळा फुटी घर सोळा इंचांचं होतं आणि फ्लॅटमध्ये ते ठेवायला जागा सापडत नाही. मॉडेल रेल्वेवाल्यांचं १:८७ फार बारीक. चष्मेवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

१:२४ ची खरी सोय आपल्या सुतार-गवंड्यांच्या मापात आहे. अर्धा इंच म्हणजे एक फूट. एका इंचात आठ सूत, म्हणजे मॉडेलवरचं एक सूत खऱ्या घरात बरोबर तीन इंच. कॅल्क्युलेटर लागत नाही:

- सहा फुटी, तीन फूट रुंद दार: ३ इंच × दीड इंच
- अडीच फुटी खिडकी: सव्वा इंच
- दीड फूट उंच जोतं: पाऊण इंच
- सात-आठ इंचांची पायरी: अडीच सूत
- नऊ इंची वीट: तीन सूत लांब, एक सूत जाड
- सहा इंची खांब: दोन सूत
- साडेपाच फुटी माणूस: पावणेतीन इंच

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असला तरी कुणी हरकत घेत नाही, ती किल्ल्याची रीतच आहे. घरात मात्र प्रमाण चुकलं की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. सगळ्यात मोठा सापळा भातुकलीचा. बाजारातला दोन इंचांचा पितळी हंडा फार गोजिरा दिसतो, पण या अंगणात ठेवला की तो चार फुटी होतो.

ओळखीच्या एखाद्या जुन्या घराची मापं टेपनं घ्या, अर्थात घरच्यांना विचारून. दाराची उंची, भिंतीची जाडी, जोत्याची उंची, पडवीची खोली आणि एका कौलाची लांबी-रुंदी एवढ्या पाच गोष्टी पुरतात. फोटो अगदी समोरून काढा आणि चौकटीत एक माणूस उभा करा, म्हणजे राहिलेली मापं फोटोवरून काढता येतात.

तपासा: जाड पुठ्ठ्यातून पावणेतीन इंचांचा माणूस कापा आणि काम संपेपर्यंत टेबलावर ठेवा. प्रत्येक नवी वस्तू त्याच्या शेजारी धरून पाहायची. उंबरठा त्याच्या गुडघ्याला लागत असेल तर उंबरठा चुकला.

आपलं घर असं असेल: रुंदी १६ फूट, खोली १० फूट, पुढं ५ फुटांची पडवी. मॉडेलमध्ये ८ इंच, ५ इंच आणि अडीच इंच. बैठकीची पाटी १२ × १४ इंच घ्या, म्हणजे पुढं पाच इंचांचं अंगण मिळतं.

२. सामान, आणि काय आणायचं नाही

पाटीसाठी १२ मिमी प्लायवुड किंवा एमडीएफ. सुताराकडच्या टाकाऊ तुकड्यात काम भागतं. भिंतींना ५ मिमी सनबोर्ड, म्हणजे हलकी फोमची शीट. छपराला आणि कौलांना माउंट बोर्ड आणि पातळ पुठ्ठा. फोटो फ्रेम करणाऱ्याकडे माउंट बोर्डची कात्रणं पडलेली असतात, मागितली तर मिळतात. लग्नपत्रिकांचा पुठ्ठाही चालतो, फक्त चकचकीत बाजू घासून घ्यावी लागते.

हत्यारं थोडीच लागतात. ९ मिमी पात्याचा कटर आणि जादा पाती, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, गुण्या (काटकोन तपासायला), चिमटा, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, शाई संपलेलं एक बॉलपेन. रंग ॲक्रेलिक. वॉल पुट्टीचं लहान पाकीट. फेव्हिकॉल आणि फेविक्विक दोन्ही, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

लाकडासाठी आईस्क्रीमच्या काड्या, चौकोनी चॉपस्टिक्स, खराट्याचे हीर. दगडासाठी अंड्यांचा कागदी ट्रे. यादी वाचून घरचे हसतील, हसू द्या.

थर्माकोल आणू नका. पातं त्याचे दाणे उपटतं, कड कधीच साफ येत नाही, आणि स्प्रे पेंट किंवा फेविक्विक लागलं की ते विरघळून खड्डे पडतात. लेझरनं कापलेली तयार किट मिळतात, तीही पहिल्यांदा नकोत. त्यात फक्त चिकटवायचं काम उरतं, आणि या छंदात सर्वात कमी मजेचं काम तेच.

कोणतं काम कधी करायचं

कामं दोन प्रकारची असतात. कापणी आणि जुळणी ताज्या डोक्यानं करायची. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर. कौलाच्या पट्ट्यांना रेषा मारणं, काड्या घासणं, दगड चिकटवणं ही कामं ऑफिसातून थकून आल्यावरही होतात, किंबहुना तेव्हाच चांगली होतात. हात चालतो, डोकं मोकळं राहतं. यांची गल्लत झाली की पातं बोटात जातं किंवा भिंत तिरकी कापली जाते. दमलेल्या हातात कटर नको, हा नियम मोडायचा नाही.

एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ. दिवा डावखुऱ्यांनी उजवीकडे, बाकीच्यांनी डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. मान दुखायला लागली तर काम डोळ्यांकडे उचला: टेबलावर दोन जाड पुस्तकं, त्यावर कटिंग मॅट.

३. कागदी नमुना

पाठकोऱ्या कागदावर चारही भिंती मॉडेलच्याच मापात काढा, कापा आणि टेपनं उभ्या करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि नेमकं हेच लोक टाळतात. दार फार कडेला गेलं, खिडक्या वर चढल्या, पडवी बुटकी झाली, हे सगळं इथं फुकटात कळतं.

भिंतींची मापं अशी. दोन्ही बाजूंच्या भिंती ५ इंच रुंद, कडेला साडेचार इंच आणि मध्यावर टोकाला ६ इंच उंच. यानं छपराला साधारण ३० अंशांचा उतार मिळतो. पुढची आणि मागची भिंत साडेचार इंच उंच. पडवीचं छप्पर पुढच्या भिंतीवर चार इंचांवर टेकेल आणि उतरत तीन इंची खांबांवरच्या तुळईवर येईल. या उंची जोत्याच्या वरून मोजायच्या, पाटीवरून नाही.

४. कापणी

पुढच्या भिंतीची रुंदी ८ इंच लिहिली म्हणून ८ इंच कापली की घर बाजूच्या भिंतींच्या जाडीएवढं जास्त रुंद होतं आणि छप्पर तोकडं पडतं. ही चूक इतकी ठरलेली आहे की आकडाच सांगतो. बाजूच्या भिंती पूर्ण मापाच्या ठेवायच्या आणि पुढची-मागची त्यांच्या मधे बसवायची. ८ इंच म्हणजे २०.३ सेंमी, त्यातून दोन्हीकडचे ५-५ मिमी वजा, राहिले १९.३ सेंमी. पुढची-मागची भिंत १९.३ सेंमीचीच कापा.

आधी दार-खिडक्यांची भोकं कापा, मग बाहेरच्या कडा. भोवती पूर्ण शीट असताना भोक कापलं तर भिंत दबत नाही. उलट क्रमानं गेलात तर खिडकीच्या वरची पट्टी हमखास चिरते.

कटर एका झटक्यात आरपार नेऊ नका. पहिला हात फक्त रेघ ओढण्यापुरता, दुसरा त्याच रेघेत थोडा खोल, तिसऱ्या-चौथ्याला तुकडा सुटतो. जोर लावला की पातं वाकतं आणि कड तिरपी येते. कड खरबरीत यायला लागली की पात्याचं टोक मोडा. मोडलेली टोकं जुन्या औषधाच्या डबीत टाका, कचऱ्याच्या पिशवीत नाही.

इशारा: पट्टी धरलेल्या हाताची बोटं पट्टीच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. प्लॅस्टिकची पट्टी वापरू नका. पातं तिच्यात घुसून वर चढतं.

आता भिंतीची जाडी. ५ मिमी सनबोर्ड १:२४ मध्ये जेमतेम पावणेपाच इंचांची भिंत होतो. ती नव्या बांधकामाची झाली. जुनी दगडमातीची भिंत दीड फुटाची, म्हणजे १९ मिमी. सगळी भिंत जाड करायची गरज नाही, कारण आतलं काही दिसणार नाही. दार-खिडक्यांच्या भोकांना मागच्या बाजूनं १४ मिमी रुंदीच्या पट्ट्या चौफेर लावा. बाहेरून पाहिलं की भिंत दीड फुटी वाटते आणि खिडकीत सावली पडते. घर खोट्याचं खरं वाटायला लागतं ते या सावलीनं. बाकी सगळं घाईत केलं तरी चालेल, या पट्ट्या सोडू नका.

तपासा: चारही भिंती टेपनं उभ्या करून गुण्या लावा. कोपरे काटकोनात, दारातून पुठ्ठ्याचा माणूस जातोय, दोन्ही त्रिकोणी टोकं सारख्या उंचीवर. मग टेप काढून सगळं पुन्हा सुटं करा. अजून काहीही चिकटवायचं नाही.

५. जोतं आणि गिलावा

जोत्याला ८ × साडेसात इंचांचे सनबोर्डचे चार थर एकावर एक. त्याच्या कडांना अंड्याच्या ट्रेचे तुकडे. तुकडे कापू नका, फाडा. फाटलेली कड दगडासारखी दिसते. तीन-चार सुतांचे तुकडे फेव्हिकॉलनं लावत जा. मोठे दगड कोपऱ्यांना आणि तळाला, लहान मधे. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. गवंडी जे पाळतो तेच इथं. पायऱ्या याच वेळी करा, पण जोत्याला जोडू नका.

गिलाव्याआधी सनबोर्डचा गुळगुळीतपणा १२० च्या पॉलिश पेपरनं मोडा, नाहीतर पुट्टीची साल निघते. पुट्टीत थोडा फेव्हिकॉल आणि दह्याइतकं पातळ होईल एवढं पाणी. भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्यानं थापा. थर पातळ आणि दोनदा. एकच जाड थर दिला तर वाळताना तडे जातात. मातीच्या भिंतीला थोडे तडे शोभतात, पण ते कुठं पडणार हे तुमच्या हातात राहत नाही.

भिंतींच्या उभ्या कडांवर, जिथं भिंतीला भिंत भिडणार, पुट्टी लागू देऊ नका. तिथं मास्किंग टेप लावून ठेवा.

पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटण पट्ट्यात हे काम दुप्पट वेळ घेतं. रात्रभर ठेवलेली पुट्टी सकाळी बोटाला लागते. हेअर ड्रायर लावायचा मोह होतो, पण वरचा पापुद्रा वाळून आतला ओला राहतो आणि मग फुगतो. पंख्याखाली उभं करून ठेवा आणि तोवर काड्या घासा. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा: रंग ब्रशवरच वाळतो. तेव्हा रंग थोडा थोडाच काढा आणि पॅलेटखाली ओलं फडकं ठेवा.

६. रंग, जुळणीच्या आधी

भिंती अजून सपाट पडलेल्या आहेत. रंगवायची वेळ हीच.

शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा कुठंच लावू नका. लहान वस्तूवर गडद रंग जास्तच गडद दिसतो आणि पांढरा डोळ्यात खुपतो. चुन्याच्या भिंतीला पांढऱ्यात चिमूटभर पिवळट तपकिरी. चुन्यात नीळ घालायची चाल असलेल्या घराला निळ्याचा एखादा थेंब. काळ्या दगडाला करडा, त्यात थोडा तपकिरी. पाचगणीकडच्या जांभ्याचं घर करत असाल तर गेरूत करडा मिसळा, नाहीतर दगड विटकरी दिसतो. खाली जमिनीलगतचा काव-गेरूचा पट्टा असेल तर तो आत्ताच, टेप लावून.

मूळ रंग पूर्ण वाळला की वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. एक भाग गडद तपकिरी, सहा ते आठ भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. या थेंबानं पाणी फटीत उतरतं, नाहीतर पृष्ठभागावर गोळे होऊन बसतं. दगडांवर सैल हातानं सोडा. पांढऱ्या भिंतीवर मात्र आधी साध्या पाण्याचा ब्रश फिरवा, मग वॉश लावा आणि कापडानं वरून खाली पुसा. आडवं पुसलंत तर पावसाचे ओघळ आडवे दिसतात.

पावसाचे शिंतोडे जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत उडतात, म्हणजे मॉडेलवर अर्धा ते पाऊण इंच. तेवढ्याच पट्ट्यात मातकट रंग, वर जाताना विरळ. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक पुसट ओघळ. घर सगळीकडून सारखं मळत नाही. वरून वॉश ओतून अख्खी भिंत तपकिरी करणं ही रंगकामातली सर्वात मोठी चूक.

शेवटी ड्राय ब्रश. ब्रशला फिका रंग घ्या, वर्तमानपत्रावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि दगडांच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. कागदावर रंग उमटत असेल तर ब्रश अजून ओला आहे.

तपासा: भिंत हातभर लांब धरा. डाग आधी दिसतो की भिंत? डाग आधी दिसत असेल तर मूळ रंगाचा पातळ हात देऊन दाबा.

७. लाकूडकाम

इथला नियम दोन शब्दांचा: आधी रंग. लाकडाच्या काडीला फेव्हिकॉल लागला की त्या जागी पाणीदार रंग मुरत नाही आणि सांध्यापाशी फिके डाग राहतात. सगळ्या काड्या एकदम तपकिरी-काळ्या पातळ रंगात बुडवून वर्तमानपत्रावर वाळवा, मग कापा. कापलेली टोकं पुन्हा ब्रशनं टेकवा. व्हार्निश लावू नका. जुनं सागवान चकाकत नाही.

खांबांना चॉपस्टिकचा जाड भाग घासून दोन सुतांचा चौरस. दाराच्या फळ्यांना आईस्क्रीमची काडी उभी दोन तुकडे करून. अख्खी काडी सुमारे दहा इंची फळी होते. खिडकीचे गज खराट्याच्या हिराचे, साधारण एक मिमी जाडीचे निवडून घ्या. अगरबत्तीची काडी त्या जागी लोखंडी पाइपासारखी दिसते. चौकट भोकापेक्षा केसभर लहान करा. पुट्टी आणि रंगानं भोक आधीच आवळलेलं असतं.

दार अर्धवट उघडं ठेवणार असाल तर आतल्या बाजूला काळपट तपकिरी रंगाचा पुठ्ठा उभा करा. नाहीतर दारातून मागची पांढरी भिंत दिसते.

८. जुळणी

कशाला काय चिकटतं ते आधी. फेव्हिकॉलमधलं पाणी कुठंतरी मुरावं लागतं, म्हणून लाकूड, कागद, पुठ्ठा यांना तो उत्तम. सनबोर्डला सनबोर्ड लावताना दोन्हीकडं पाणी मुरत नाही आणि दोन दिवसांनीही सांधा सरकतो; तिथं फेविक्विक. सनबोर्डला लाकूड किंवा पुठ्ठा लावायचा असेल तर सनबोर्ड घासून फेव्हिकॉल.

क्रम असा: पाटीवर जोतं, मागं दीड इंच सोडून. त्यावर मागची भिंत, तिला एक बाजूची भिंत, गुण्या लावून. मग दुसरी बाजू. चौकट, दार, गज बसवलेली पुढची भिंत सर्वात शेवटी, वरून खाली सरकवत. मग पायऱ्या. पडवीचे खांब एकेकटे उभे करू नका. चार खांब आणि वरची तुळई टेबलावर आडवी जोडून घ्या, वाळू द्या आणि अख्खी चौकट उभी करा. एकेकटे केलेले खांब कधीच एका रेषेत येत नाहीत.

कोपऱ्यांच्या उभ्या फटी पुट्टीनं बुजवा आणि तेवढाच रंग टेकवा.

इशारा: सांडलेलं फेविक्विक कापसानं किंवा सुती फडक्यानं पुसू नका. सुती धाग्याशी त्याची जोरात प्रक्रिया होते, कापूस तापतो, धूर येतो, बोट भाजतं. वाळू द्या आणि पात्यानं खरवडा. खिडकी उघडी ठेवूनच वापरा.

९. कौलं

अर्धं काम इथंच आहे, आणि माझ्या मते अर्धा आनंदही.

मंगलोरी कौल साधारण सोळा इंच लांब आणि नऊ-दहा इंच रुंद. मॉडेलमध्ये १७ मिमी × १० मिमी. एकावर एक चढल्यानं दिसतं ते अंदाजे १३ × ८.५ मिमी. मुख्य छपराची दोन पाखी (उतरत्या बाजू) प्रत्येकी ९ × साडेतीन इंच, पडवीचं पाखं ९ × सव्वातीन इंच. हिशेब केला तर मुख्य पाख्यांवर सात-सात ओळी, पडवीवर सहा, एका ओळीत सत्तावीस कौलं. एकूण ५४०. इतकी सुटी कापायची नसतात. ओळीच्या पट्ट्या करायच्या. वीस पट्ट्या आणि चुकीसाठी तीन-चार जादा.

अ. पातळ पुठ्ठ्याची शीट दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूनं रंगवलेला पुठ्ठा वाळताना वळतो आणि छपरावर लावल्यावरही वळायचं थांबत नाही. रंग विटकरीत थोडा करडा. जमलं तर तीन शीट तीन किंचित वेगळ्या छटांच्या करा.

आ. १७ मिमी रुंद, ९ इंच लांब पट्ट्या कापा. पुठ्ठ्याला उभे-आडवे धागे असतात. एका दिशेनं तो सहज वाकतो. सहज वाकणारी दिशा कौलाच्या रुंदीत येईल अशा कापा, म्हणजे पन्हळ नीट उमटते.

इ. पट्टी माउस पॅडसारख्या मऊ गादीवर ठेवा. शाई संपलेल्या बॉलपेननं दर ८.५ मिमीवर खोल रेघ आणि मधे दोन हलक्या रेघा. कडक टेबलावर रेघ नुसती उमटते, पन्हळ पडत नाही.

ई. खालच्या कडेला दर कौलाच्या रेघेवर ३ मिमीचा काप द्या. काही कौलांचा कोपरा चिमट्यानं किंचित उचला, एखादा छाटून टाका. यानं सलग पट्टी आहे हे लपतं.

उ. माउंट बोर्डच्या पाख्यावर पेन्सिलनं दर १३ मिमीला आडवी रेघ मारा, वळचणीकडून मोजत.

ऊ. सर्वात खाली, वळचणीच्या कडेला, आधी ३ मिमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. पहिल्या ओळीखाली आधाराला दुसरी ओळ नसते. ही पट्टी नसेल तर पहिली ओळ आडवी झोपते आणि बाकीच्यांचा उतार वेगळा दिसतो. बहुतेक जण ही पट्टी विसरतात.

ए. आता खालून वर. वरून खाली लावत आलात तर प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीखाली सरकवावी लागते आणि रंग खरवडतो. फेव्हिकॉल फक्त वरच्या कडेला, बारीक रेघेत. उभ्या रेषा सरळ येतात की एकाआड एक सरकतात ते तुमच्या फोटोतल्या घरावर पाहून ठरवा.

तपासा: दर तिसऱ्या ओळीनंतर पट्टी आडवी लावून दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आहेत का पाहा. एका ओळीतला एक मिमीचा तिरकेपणा आढ्यापर्यंत कोसभर दिसतो.

आढ्यावरच्या कौलांना कागदी स्ट्रॉ उभा चिरून १७ मिमीचे तुकडे, एकावर एक थोडे चढवून. सांध्यांना पुट्टीचा बारीक ठिपका. खऱ्या आढ्यावरही तिथं चुना किंवा सिमेंट थापलेलं असतं. हे तुकडे दोन्ही पाखी जोडल्यावरच लावायचे.

स्वयंपाकघराच्या वर उजेडासाठी एखादं काचेचं कौल असायचं, ते जरूर करा. एका कौलाच्या आकाराचा ओएचपी शीटचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) तुकडा, खाली गडद रंग. तो फेव्हिकॉलनं लावा. फेविक्विकच्या वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरका थर चढतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो जास्तच चढतो.

वॉश छपरावर सगळ्यात शेवटी, वरून खाली. खोलगट जागी काळपट, पावसाच्या तोंडच्या पाख्यावर शेवाळी हिरव्याची पुसट झाक. तीन-चार कौलं मात्र ताज्या विटकरी रंगात ठेवा, नुकतीच बदललेली. माकडं असलेल्या गावात ही संख्या वाढवायला हरकत नाही.

मुख्य छप्पर भिंतींना चिकटवू नका, नुसतं ठेवा. पुढं आत दिवा लावावासा वाटला किंवा गज सुटला तर हात घालता येतो. पडवीचं छप्पर मात्र चिकटवायचं.

१०. अंगण

माती खरीच घ्या, पण चाळून. आधी पिठाच्या चाळणीनं, मग चहाच्या गाळणीनं. खडे राहिले तर या मापात ते धोंडे होतात. जुन्या तव्यावर कोरडी भाजून घ्या, म्हणजे किडे आणि ओल राहत नाही. पाटीवर फेव्हिकॉल पसरून माती भुरभुरवा, वाळली की जादा झटका. फेव्हिकॉलमध्ये माती एक-दोन छटा गडद होते. कृष्णाकाठची काळी माती तर डांबरासारखी दिसते, तिच्यात फिकी माती मिसळा. सारवलेल्या अंगणासाठी माती लावूच नका. पुट्टीचा गुळगुळीत थर द्या, हिरवट तपकिरी रंग लावा आणि ओला असताना बोटानं अर्धगोल फिरवा. सारवणाचे हात उमटतात.

तुळशीवृंदावन दीड इंच उंच, दाराच्या समोर. तुळस म्हणजे सुक्या झुडपाची बारीक फांदी, फेव्हिकॉलमध्ये बुडवून चाळलेल्या सुक्या पुदिन्यात घोळवलेली. पुदिन्याचा हिरवा कालांतरानं उडतो, म्हणून वर पातळ ॲक्रेलिक हिरवा द्या.

बाकी सामान मोजकं. जातं, पाटा-वरवंटा, खुंटीला अडकवलेली टोपली, उंबरठ्याशी चपलांचा एक जोड. प्रत्येक वस्तू माणसाशेजारी धरून पाहा. हंडा करायचाच तर एम-सीलचा, पाऊण इंचांच्या आत. रांगोळी पांढऱ्या रंगानं, टाचणीच्या टोकानं, ठिपक्यांचीच. रांगोळीची पूड टाकली तर तिचा एकेक कण या अंगणात वाटाण्याएवढा होतो.

११. ठेवायचं कुठं

उघड्या शेल्फवर ठेवलं तर दोन महिन्यांत कौलांच्या पन्हळीत धूळ बसते आणि ती पुसता येत नाही. ॲक्रेलिक शीटची पेटी करून घ्या. नेमप्लेट करणारे मापात कापून देतात. पेटीच्या मागच्या कडेला दोन बारीक भोकं ठेवा आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. पुडी जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला. पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. उन्हानं पुठ्ठा आणि रंग दोन्ही उतरतात. पावसाळ्यानंतर एकदा मुख्य छप्पर उचलून आतून बुरशी आली नाही ना ते पाहा. आली असेल तर कोरड्या ब्रशनं झाडा, दिवसभर सावलीत उघडं ठेवा आणि मगच छप्पर परत चढवा.